पुढल्या चाकांची जोडी

आबा,

काल भाच्यानं त्याच्या नव्या गाडीतून मला धुळ्याला नेलं. वाटेत एका वळणाला खालून 'कट्' असा आवाज आला. तो म्हणाला, "मावशी, खडा उडाला." खडाच असेल. पण मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली, आणि मग दिवसभर तुमचीच आठवण येत राहिली, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रागावण्यासारखं आता काही उरलेलं नाही. हसण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

नवरा वारल्यावर मी तुमच्याकडे परत आले आणि शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली, तीही अशा गावी की जिथं एसटी अजून पोचली नव्हती. बैलगाडीनं गेले असते तर शाळा सुटायच्या वेळेला पोचले असते. तिथं राहावं म्हटलं तर एकट्या विधवेला खोली कोण देणार? सगळे धरूनच चालले होते की पोरगी आता घरी बसून तूर निवडणार. तुम्ही कोणाला एका शब्दानं न विचारता लष्करानं लिलावात काढलेली जीप घेऊन दारात उभे राहिलात. स्टिअरिंग डावीकडे, डोक्यावर फाटकं कापड. आईनं कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र बघता बघता चालवायला शिकलात आणि बैलांशी बोलायचात तसंच तिच्याशी बोलू लागलात. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग तिच्या मडगार्डला लावलात, आणि गिअरशेजारी जो दांडा ओढला की पुढली चाकंही जोर लावतात, त्या दांड्याला लाल गोंडा बांधलात. तो दांडा तुमचा फार लाडका होता.

आणि मग तो आवाज सुरू झाला. वळण आलं की खालून कट्-कट्, आणि सरळ रस्त्याला लागताना एकदम दणका, कोणी पायाखाली घण मारावा तसा. काळ्या मातीच्या चिखलातून गाडी गरीब गायीसारखी जायची, डांबरी लागली की तिला माज यायचा. तुम्ही धुळ्याच्या मिस्त्रीकडे गाडी नेलीत. त्यानं शाफ्टचे सांधे, त्यांना तो क्रॉस म्हणायचा, ते बदलले, बोल्ट आवळले, वंगण भरलं, गावाबाहेर फेरी मारून आला आणि म्हणाला, "आबा, एकदम गुपचूप चालते." दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर पुन्हा कट्-कट्. पुन्हा धुळं, पुन्हा क्रॉस, पुन्हा गुपचूप. मिस्त्री तुमच्याकडे जरा काळजीनं बघू लागला. परत येताना तुम्ही मला विचारलंत, "बाई, तुले ऐकू येस ना? का मालेच येस?" मला ऐकू यायचं.

आई म्हणे, "त्या गाडीमा काही तरी शे. लढाईमा कोनी मरेल व्हई. इकी टाका." जळगावहून मोठे काका आले. ते सरकीचा व्यापार करायचे, त्यामुळे त्यांना सगळंच कळायचं. त्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला, "भर नाल्यात चाकांचा आस तुटेल आणि पोरीसकट जाशील. रावेरचा केळीवाला गाडी बघायला येतोय रविवारी. देऊन टाक." माझ्या नोकरीचं नाव कोणी काढलं नाही. मी आत पोळ्या लाटत होते. गाडी गेली की शाळा गेली, आणि शाळा गेली की उरलेला जन्म त्या तव्यासमोर, हे मला आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. तुम्हालाही दिसत असणार. तुम्ही शनिवारी शाळेला निघताना गाडी आधी धुळ्याकडे वळवलीत.

तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अजून तसाच आहे. मिस्त्री कावलेला आहे, म्हणतोय, "आवाजच नाही तर काढू कोठून?" तुम्ही म्हणताय, "मंग बस गाडीमा. मी काय बहिरा शे का?" तो हात पुसत तुमच्या शेजारी बसतो, मी मागे. तुम्ही गाडी सुरू करता, आणि नेहमीसारखे "चाल माय" म्हणून गोंड्याचा दांडा ओढता. मिस्त्री त्या दांड्याकडे बघतो. मग तुमच्याकडे बघतो. "आबा, हे काय केलं?"

"जोडी जुपी."

"कोरड्या डांबरीवर?"

"मंग? बठ्ठा भार मांगला चाकेसवर कसाले टाकाना? पुढला चाके काय फुकट हिंडतीन का?"

"आणि माझ्याकडे येता तेव्हा?"

"तव्हय सोडी देस. घरे येल बैलले कोनी जुपेल ठेवस का?"

मिस्त्रीनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तुमच्या भुवया वर चढल्या. मग त्यानं नीट समजावलं. वळणावर पुढली चाकं मोठी फेरी घेतात, मागली लहान. एकत्र जुंपली तर कोणीतरी घसरलं पाहिजे. चिखलात घसरायला मिळतं, डांबरीवर मिळत नाही, मग ती एकमेकांना ओढत बसतात आणि दणके देतात. गाडीत काहीच बिघाड नव्हता. तुम्ही वाकून पुढल्या चाकांकडे पाहिलंत. मग हळूच म्हणालात, "म्हंजे इतला दिन त्या आपसमाच भांडेत?"

दांडा अडकला होता. मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे तुम्ही गाडी जरा मागे घेतलीत, जुवाची खीळ काढताना बैलाला पाऊलभर मागे घ्यावं तशी, आणि तो अलगद सुटला. पुढच्या वळणावर काही झालं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मागच्या बाकावर तोंडाला पदर लावून हसत होते आणि रडतही होते, आणि इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. रविवारी केळीवाला आला, चहा पिऊन गेला. काकांना तुम्ही एवढंच सांगितलंत की गाडी विकायची नाही, तिला काम आहे.

पुढे तुम्ही मलाही चालवायला शिकवलंत. नाल्याची रेती आली की ओरडायचात, "आते त्यासले बी लाव." डांबरी आली की नाइलाजानं दांडा सोडायचात आणि पुढच्या चाकांकडे जरा अपराध्यासारखं बघायचात. मी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले, आबा. एवढं सगळं त्या शनिवारामुळे.

हे पत्र पाठवायचं कुठं? कपाटात तो गोंडा आहे, त्याच्याजवळच ठेवते. एक गोष्ट मात्र कुणाला कधी बोलले नाही. तुमचं तेरावं झाल्यावर पहिल्यांदा मी एकटी शाळेला निघाले, तेव्हा कोरड्या डांबरीवर मुद्दाम दांडा ओढला. वळणावर कट्-कट् झालं. सगळं वळण संपेपर्यंत ऐकलं. मग गाडी जरा मागे घेतली, जोडी सोडली आणि शाळेत गेले.