कुंदाच्या वेण्या

भंडारा, रविवार

प्रिय कुंदा,

पाय फार दुखतात, तरी तुला लिहायला बसले आहे.

आमच्या मानसोपचार वॉर्डात बाई दाखल झाली की पहिल्याच दिवशी तिचे केस कापत. उवा होतात, विंचरायला माणसं नाहीत, एवढंच कारण. इन्चार्ज झाल्यावर मी ते बंद केलं. आता रोज सकाळी आम्ही एकेकीला तेल लावून वेणी घालतो. काम वाढलं म्हणून सगळ्या नर्स-आया माझ्यावर चिडतात. "मॅडम, वॉर्ड हाय का पार्लर?" असं आया खुशबू विचारते, आणि फणीही तीच आधी उचलते.

काल करडी गावच्या मालनबाई दाखल झाल्या. डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "माहे केस कापू नोका जी, मी चुपचाप राहीन."

"कोणी नाही कापत. बसा." वेणी निम्मी झाली तेव्हा त्या आपणहून बोलू लागल्या.

तुला याच वॉर्डात आणलं तेव्हा तूही असंच डोकं धरलं होतंस. मी इथेच नर्स होते. "कापून टाका" हे मीच म्हटलं. कॉन्व्हेंटच्या होस्टेलात प्रार्थनेच्या घंटेआधी तुझ्या दोन वेण्या घालणारी मी.

'पुढच्या रविवारी तेल घेऊन पवनीला येते' असं लिहिलं आणि खोडलं. तू बरी झालीस त्याला बावीस वर्षं झाली. अजूनही केस मानेवर आले की स्वतःच कात्री घेतेस, आणि मी दारात दिसले की डोक्यावर पदर ओढतेस.

तुझी,
ताई