बाबांचं जन्मगाव

मंगळवार, ३ जून

परवा इथे लिहिलं त्यात चूक आहे. मतदार नोंदणीच्या नव्या नियमात नागरिकत्वाचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो, असं मी लिहिलं. आज ऑफिसात परिपत्रक पुन्हा वाचलं. जन्मदाखला नसेल तर दोन जुने सरकारी कागदही चालतात – दोन्हींवर जन्मगाव एकच हवं. म्हणजे बाबांना वाट आहे. उगाच जीव टांगणीला लावून घेतला.

बुधवार, ४ जून

वाट नाही.

घर बदललं म्हणून बाबांना नाव नव्याने नोंदवायचं आहे. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक गाव, लायसन्सवर दुसरंच. "खरं कुठलं?" मी विचारलं. "दोन्ही नाही," म्हणाले.

आजी-आजोबा रस्ता बांधणाऱ्या टोळीत होते. रस्ता पुढे गेला की तंबू पुढे. कोणी गाव विचारलं की आजोबा त्या वेळी तंबू जिथे असेल ते सांगायचे. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्यांच्या लेखी गाव म्हणजे तेच. बाबांचा जन्म झाला तो दोन गावांच्या मधे, पुलाचं काम चाललं होतं तिथे. आईही त्याच टोळीतली. तिच्याकडेही कधी दाखला नव्हता, पण ती गेली तेव्हा कोणी विचारत नव्हतं.

बाबा बस चालवतात. दर निवडणुकीत त्यांची बस मतपेट्या न्यायला लागते. "पेट्या मी वाहायच्या आणि मत दुसऱ्यांनी टाकायचं. बरं आहे," म्हणाले आणि भाजी चिरत बसले. मला हसू आलं नाही. घरात शिकलेली मी एकटी. नोंदणीच्या खिडकीवर हंगामी कारकून. आणि बाबांचंच नाव मला लावता येत नाही.

शुक्रवार, ६ जून

शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. त्या या ऑफिसात मुरलेल्या. नियम त्यांना पटतो. "अगं, कोणीही यावं आणि नाव लावून जावं, हे चालेल का? मग तुझ्या-माझ्या मताला काय किंमत?" त्यांचं अगदीच चूक आहे असं म्हणवत नाही. पण पुरावा कोणाकडे असतो? ज्यांचं घर एका जागी राहिलं त्यांच्याकडे. मी असं म्हणाले तर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच, "वडलांना सहानंतर घेऊन ये. मी बघते."

दिवसभर डोक्यात तेच. अगदी खरं लिहायचं तर मोह झाला.

बाबांना विचारलं. जेवता जेवता थांबले. "मागच्या दाराने? मग त्या पेट्यांना सील कशाला लावतात, मास्तरीणबाई?"

ते मला चिडवायला मास्तरीणबाई म्हणतात. आज चिडवत नव्हते.

रविवार, ८ जून

टोळीतले रोलरवाले काका अजून आहेत. ऐकायला कमी येतं, म्हणून सगळं ओरडून सांगतात. "याचा जन्म? माझ्यासमोरचा! हा झोपावा म्हणून मी दुपारभर रोलर बंद ठेवला. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. आणि झोपला का? छे!" बाबा लाजले. बाबांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

परिपत्रकात आहे – कागद जुळत नसतील तर सुनावणी मागता येते, नात्याबाहेरचा साक्षीदार चालतो. काका नात्यातले नाहीत. येतो म्हणाले. "पण त्या साहेबाला मोठ्याने बोलायला सांग."

बुधवार, ११ जून

आज बाबा आले. बस डेपोत लावून, खाकी गणवेशातच. रांगेत उभे राहिले. शिपाई ओळखतो, म्हणाला, "अहो, पुढे या, पोरगीच आहे की खिडकीवर." "म्हणूनच नको," बाबा म्हणाले.

नंबर आला तेव्हा मी बाईंना माझ्या जागी बसवलं. स्वतःच्या वडलांचा अर्ज मी हातात घेणं बरोबर नाही. बाईंनी कागद उलटसुलट पाहिले. "जन्मगाव जुळत नाही, दादा."

"जुळणार नाही. ते चालतं गाव होतं. मला सुनावणी द्या."

आवाज चढवला नाही, गयावया केली नाही. मागची रांग ऐकत होती. एक म्हातारी मला म्हणाली, "असं मागता येतं होय? मलाही दे." मग अजून दोघांनी मागितली. मी कपाटाशी उभी होते. मान ताठ होती. वाटलं सगळ्यांना सांगावं – हे माझे वडील.

बाबांची सुनावणी येत्या सोमवारी.

गुरुवार, १२ जून

सुनावणीसाठी परिपत्रक शेवटपर्यंत वाचलं. माझ्या वयाच्यांना नुसता स्वतःचा दाखला पुरत नाही. आई किंवा वडील, एकाचा तरी पुरावा जोडावा लागतो. माझ्याकडे दोघांचाही नाही. माझं नाव जुन्या नियमाने यादीत आहे, मला कोणी विचारणार नाही. पण खिडकीवर मी आल्यागेल्याकडे पुरावा मागते. मग मीही सुनावणी मागायची ठरवली.

बाईंना सांगितलं. "वेडी आहेस का? गप्प बस. नोकरीवर येईल."

रजेचा अर्ज दिला आहे. सोमवार, १६ जून, सकाळी अकरा. आधी बाबा. त्यांच्यामागे, खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, मी.