एका तुकडीतील एका विद्यार्थ्यास

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढच्या गुरुवारी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. चार महिने थांबल्यावर डॉक्टरांनी ही तारीख दिली, आणि तोवर डोळ्यांना काही झालं तर पुन्हा रांगेत शेवटी, असं त्यांनी बजावलंय, हे तू रविवारी आम्हाला तीनदा सांगितलंस. ते माझ्या पक्कं लक्षात आहे, आजकाल तर जरा जास्तच. सध्या तुला अक्षर लागत नाही, तेव्हा हे पत्र भाऊजी मोठ्याने वाचून दाखवत असतील. (भाऊजी, कंसातलं मोठ्याने वाचू नका. हेही वाचू नका. तिचे डोळे खाजतात का, लाल दिसतात का, ते जरा खिडकीशी नेऊन बघा. सहज विचारतोय.) फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण पत्रात जो जिव्हाळा असतो तो फोनमध्ये कुठला. (फोन नेमका तीच उचलते आणि माझ्या 'हॅलो'वरून तिला सगळं कळतं.) शेजारचे कंडक्टर तुमच्याच बाजूला निघालेत, त्यांच्या हाती देतोय, म्हणजे आजच मिळेल.

आता भिंगरीच्या शाळेची हकिकत ऐक. आठ वर्षांच्या पोरीला तिसरीत घातलं आणि आपणच शिकतोय असं झालंय मला. मंगळवारी तिने दप्तरातून एक सूचना काढली. सूचनेवर तारीख शुक्रवारची. मधले दिवस ती कुठे मुक्कामाला होती, हे शाळेलाही ठाऊक नाही. मजकूर असा: 'इयत्ता तिसरीच्या एका तुकडीतील एका विद्यार्थ्यास एका संसर्गजन्य नेत्रविकाराची लागण झाल्याचे निदर्शनास आले आहे. पालकांनी घाबरून जाऊ नये. तथापि दक्षता घ्यावी. विद्यार्थ्याचे नाव गोपनीय ठेवण्यात येत आहे.' खाली तुटक रेघ, आणि तिच्याखाली पालकांनी सही करून परत पाठवायचा तुकडा: 'वरील सूचना मी वाचली असून मी घाबरलेलो नाही.'

तुला माहीतच आहे, गेली सोळा वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात हेच काम करतो. मोठी पाइपलाइन फुटली की 'तांत्रिक कारणास्तव पाणी कमी दाबाने येईल' असं लिहायचं. कमी दाबाने म्हणजे येणार नाही. त्यामुळे दुसऱ्याची कारागिरी मला लांबून ओळखू येते. 'डोळे आलेत', दोन शब्दांचं काम. पण दोन शब्दांत सांगितलं तर पालकांना कळतं, आणि कळलं की ते शाळेत येऊन बसतात. म्हणून 'नेत्रविकार', म्हणून 'निदर्शनास'. डोळ्यांच्या बाबतीत इतकी डोळेझाक मी माझ्या नोकरीतसुद्धा केलेली नाही.

बरं, शाळेने नुसती सूचना काढली असंही नाही. उपाययोजना केली. मुलांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नाही असा नियम निघाला, आणि तेव्हापासून वर्गात दुसरा खेळच उरला नाही. मग स्वच्छतेसाठी नळापाशी एक नवा कोरा टॉवेल खिळ्याला लावण्यात आला. एक. तिसरीच्या तिन्ही तुकड्यांना मिळून. मुलांनी रांगेत यायचं, हात धुवायचे, तोंड धुवायचं आणि त्या टॉवेलला पुसायचं, म्हणजे कोणी मागे राहायला नको. इतका सर्वांना समान न्याय मी दुसऱ्या कुठल्या संस्थेत पाहिलेला नाही.

तो 'एक' कोण, हे शोधायला पालकांचा मोबाइलवरचा गट कामाला लागला. सूत्रं अर्थातच मी हाती घेतली, कारण सूचनांचा अनुभव माझा. बेकरीवाल्यांचा मुलगा सोमवारी गैरहजर होता, एवढ्यावर मी त्याचं नाव पुढे केलं. बेकरीवाल्यांनी दहा मिनिटांत मुलाचा फोटो टाकला: डोळे टक्क उघडे, हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र. मग पुरावा म्हणून जो तो आपापल्या मुलांचे डोळे पाठवू लागला. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनमध्ये छत्तीस डोळे जमले होते. आमच्याकडचे दोन मी पाठवले नाहीत. (फोटो नीट आला नाही.)

शेवटी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेलो. खिडकीतल्या कारकून बाईंना काळा चष्मा. मुख्याध्यापिकांना काळा चष्मा. शिपायालाही. क्षणभर वाटलं, शाळा समजून आपण एखाद्या टोळीच्या बैठकीत शिरलोय. मी पाऊण तास बोललो. वेळेवर न कळवणं म्हणजे काय, त्यापायी एखाद्याचं केवढं नुकसान होतं, सरळ मराठीत सांगायला काय हरकत होती, सगळं सुनावलं. माझा आवाज थेट मैदानापर्यंत जात होता म्हणे. मग कारकून बाईंनी वर्गातून एक वही मागवून पुढे सरकवली. वहीत काय होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पाणी प्यालो आणि घरी आलो.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप, चष्मा पुसून वापरत जा. (भाऊजी, साबणाने.)

तुझा,
धाकटा

ता. क. (भाऊजी, हा ताजा कलम सबंध कंसात आहे, म्हणजे मनातल्या मनात. ती वही भिंगरीचीच. मागच्या गुरुवारी तिच्या वर्गशिक्षिकेने त्यात लिहिलं होतं: 'डोळे आले आहेत. डॉक्टरांना दाखवा. बरे होईपर्यंत घरी ठेवा. कोणाकडे नेऊ नका.' एकही अवघड शब्द नाही. खाली माझी सही. मी रोज सकाळी बूट घालता घालता सही करतो, वाचत बसलो तर बस चुकते. शुक्रवारपासून त्या बाईच डोळे येऊन रजेवर, त्यामुळे भिंगरीला वर्गातून परत पाठवायलाही कोणी नव्हतं. म्हणजे तो 'एक विद्यार्थी' आमच्याच घरी जेवतो. आणि रविवारी तुमच्याकडे तो ताईचा चष्मा नाकावर ठेवून दुपारभर बाई-बाई खेळत होता. डोळे चोळायला लागला तेव्हा 'शाम्पू गेला असेल' असं म्हणणारा मीच. तेव्हा विनंती एवढीच: आजच्या आज ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगा आणि ते म्हणतील तसं करा. ताईला मात्र फक्त हे वाचून दाखवा: 'गेल्या रविवारी आपल्या घरी आलेल्या पाहुण्यांपैकी एकास नेत्रविकार असल्याचे निदर्शनास आले आहे. घाबरून जाऊ नये. पाहुण्याचे नाव गोपनीय ठेवण्यात येत आहे.')

ता. ता. क. भाऊजी, ते राहू द्या. हे मोठ्याने वाचा. ताई, एवढा वेळ ते गप्प आहेत म्हणजे तुला कळलंच असेल. भिंगरीचे डोळे आलेत. रविवारीही आलेले होते. तुझा चष्मा तिने घातला होता. शाळेने मला वेळेवर, सरळ मराठीत कळवलं होतं आणि मी वाचलं नाही. कालच सगळं कळलं, तरी तुला सांगायला एक दिवस घेतला. तुझी तारीख हुकली तर ती माझ्यामुळे, आणि मला फार वाईट वाटतंय. नव्या तारखेसाठी रांगेत मी उभा राहीन, लागतील तितके दिवस.

आणखी एक. या पत्राची पानं मघाशी पंख्याने उडाली, ती भिंगरीनं गोळा करून, नीट घडी घालून मला आणून दिली. कशालाही हात लावायचा नाही अशी सूचना मी कालच तिच्यासाठी लिहून भिंतीवर लावलीय. आत्ता जाऊन पाहिली. खाली तिची सही आहे, वाचलेली दिसत नाही. तेव्हा दोघांनीही आधी हात धुवा.