परसातली लांबडोकी गोम

भाऊ,

आणि वर त्या मॅडमला माझा नंबरही तूच दिलास. माणूस जाताना घरच्यांसाठी काहीतरी सांगून जातो. तू वहीच्या पुठ्ठ्यावर माझा मोबाईल नंबर लिहून गेलास, खाली दोन रेघा मारून. 'बहीण मंगला, धुळे. जागेबद्दल हिला विचारावे.' मला का विचारावे? चौथीत शाळा सोडलेली बाई मी. तुझ्या गोमी, तुझ्या बाटल्या, तुझं ते इंग्रजी लिखाण. ते निस्तरायला मीच सापडले का तुला?

तू गेल्याला चार महिने झाले. रडून झालं, दहावं-तेरावं झालं. पत्रबित्र लिहायचा माझा काही विचार नव्हता. पण परवा रोहिणी मॅडमचा फोन आला. तुझीच विद्यार्थिनी, जामनेरच्या शाळेत तुझ्या हाताखाली शिकलेली, आता जळगावला कॉलेजात शिकवते. वहिनीने तुझ्या सगळ्या बाटल्या आणि वह्या तिच्या हवाली केल्या आहेत. तुझं पडून राहिलेलं लिखाण ती छापायला पाठवणार आहे, तुझ्याच नावाने. त्याआधी तिला माझं परस बघायचं आहे. येत्या रविवारी येते आहे.

म्हणून लिहायला बसले. त्या परसाबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले होते, भाऊ. आणि तुझा सगळा शोध त्या खोट्यावर उभा आहे.

तुझ्या वेडाची मला फार चीड यायची. बाकीचे मास्तर सुट्टीत शिकवण्या घेत, तू घमेलं घेऊन मातीत बसायचास. पिठाची चाळणी पळवायचास. वहिनी म्हणायची, "गावात मला मास्तरीणबाई कोणी म्हणत नाही. गोमवाल्यांची बायको म्हणतात." तू हसायचास आणि तीच चाळणी धुऊन परत जागेवर ठेवायचास. ती चाळणी वहिनीने कितीदा बदलली, तुला पत्ता तरी होता का?

मला या नादाला तूच लावलंस. मी माहेरी आले होते, यावलकडच्या आपल्या शेतात. केळीच्या बागेच्या टोकाला नाल्याकाठी ते जुनं झाड होतं, त्याच्याखाली पडलेलं कुजकं लाकूड तू उलटं केलंस. खालून फिक्कट पिवळी, दोऱ्यासारखी गोम निघाली. डोकं तेवढं तांबूस. मी पाय मागे घेतला. म्हणाले, "ही कानात जाते ती?"

"हिला डोळेच नाहीत," तू म्हणालास. "तुझा कान शोधत कशाला येईल?"

मग तू मातीत बसूनच शिकवायला लागलास. चावते ती मोठी घोण वेगळी, तिच्या पायांच्या एकवीस जोड्या. ही मातीतली वेगळी, हिच्या जोड्या कितीतरी जास्त. मातीतल्यांचीही कुळं निरनिराळी. कुळ म्हणजे आडनाव, जात म्हणजे नाव, आणि यांच्यात आडनाव आधी लावतात. मी विचारलं, "मग हिचं आडनाव काय?"

"मेसिस्टोसेफॅलस."

"असलं आडनाव सांगितलं तर हिला स्थळ यायचं नाही."

त्या दिवशी आपण तिला लांबडोकी म्हणायला लागलो. तू म्हणालास की त्या अवघड नावाचा अर्थही जवळपास तोच आहे. डोकं रुंदीपेक्षा लांब, आणि विषाच्या नांग्या एवढ्या मोठ्या की वरून बघितलं तरी डोक्याच्या पुढे दिसतात. एवढ्या दोन खुणा मिळाल्या की कुळ ठरलं. मग जात ठरवायला पाय मोजायचे.

पाय मोजायला मी तुझ्यापेक्षा चांगली होते, हे तू स्वतः कबूल केलं होतंस. तुला चष्म्यातून दिसायचं नाही. बशीत स्पिरीट, त्यात गोम, वर भिंग आणि माझ्या हातात सुई. वाती वळताना, तांदूळ निवडताना नजर बसलेली असते आमची. तीन वेळा मोजायचं आणि तिन्ही वेळा एकच आकडा आला तरच बाटलीवरची चिठ्ठी लिहायची, हा तुझा नियम. मी म्हणायचे, लोक तर हिला शंभर पायांची म्हणतात. तू म्हणायचास, शंभर कधीच नसतात. जोड्या कायम विषम असतात. एकोणपन्नास असतील, एक्कावन्न असतील, पन्नास भरलेल्या मी बघितल्या नाहीत.

आणि या कुळात एकेका जातीचा आकडा हलत नाही. नर असो, मादी असो, तेवढेच. पिल्लू जन्मतंच तेवढे पाय घेऊन. मातीतल्या दुसऱ्या कुळांत बायांना जास्त पाय असतात, असंही तू सांगितलं होतंस. मी म्हणाले, असणारच, कामं कोणाला जास्त असतात?

आपल्याकडे सगळीकडे मिळायची ती एकोणपन्नास जोड्यांची. केळीच्या बुडात, शेणखतात, कुंडीखाली, नशिराबादला तुझ्या मित्राच्या बागेत, माणूस जिथे पाणी घालतो तिथे ती. तिचं तुला कौतुक नव्हतं. तुझी लाडकी दुसरी, एकोणसाठवाली. ती फक्त तापीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, सावलीत, पालापाचोळ्याच्या ओल्या काळ्या मातीत. आपल्या शेताच्या टोकाला, त्याच झाडाखाली. तापीच्या अलीकडे तू कुठे कुठे उकरलंस. जामनेरला उकरलंस, एरंडोलकडे उकरलंस, धुळ्याच्या माळावर उकरलंस. एकदाही सापडली नाही.

आणि मग माझ्या मोरीजवळ सापडली.

तू भाऊबीजेला आला होतास. ओवाळून झालं, फराळाची ताटली अर्धी ठेवून तू कुदळ मागितलीस. मोरीचं पाणी जातं तिथे माझी केळी आहेत, त्यांच्या बुडाशी तू हातभर खोल गेलास. मी भांडी घासत होते. तू हाक मारलीस, "मंगे, हात धू आणि इकडे ये." आवाजावरूनच कळलं. एक मादी होती, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली, अंडी पोटाशी धरून. मातीतल्या दुसऱ्या कुळांतल्या आया अंड्यांकडे पाठ करून बसतात, आपली लांबडोकी पोटाशी घेते, हे तू मला तेव्हा सांगितलंस. तिला तू उचललं नाहीस. तिला धक्का लागला तर ती स्वतःची अंडी खाईल, म्हणालास. शेजारची दुसरी घेतलीस.

मी मोजले. तीन वेळा. एकोणसाठ.

तू ओट्यावर बसलास आणि पाणी मागितलंस. मग मला विचारलंस, "मंगे, नीट आठवून सांग. इथे बाहेरची माती, खत, रोप, काही आणलं होतं का?"

मी काय म्हणाले ते तुला आठवतं? मी म्हणाले, "माझ्या परसात कुठून काय आणणार? तू शेत विकल्यावर आणायला राहिलंय काय?"

तू पाण्याचं भांडं खाली ठेवलंस. वही उघडलीस आणि लिहिलंस.

आता खरं ऐक. आबा गेल्यावर तू शेत विकायचं ठरवलंस. बरोबरच होतं, तू जामनेरला, मी धुळ्याला, करणार कोण? पण तू मला विचारलं नाहीस. तू फोन केलास, "मंगळवारी यावलला ये, हक्कसोडीवर सही करायची आहे." बहिणींनी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडायचाच असतो, तो कागद आपल्याकडे कोणी वाचूनही दाखवत नाही. मी आले, सही केली, चहा प्यायले. तू म्हणालास, "मंगी शहाणी आहे." शहाणी नव्हते मी. मला त्यातला रुपया नको होता. तू एकदा विचारायला हवं होतंस की, मंगे, शेवटचं बघून यायचं का शेत? तेवढंही तू विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू जामनेरला निघून गेलास आणि मी एकटी शेतात गेले. आबांनी लावलेल्या केळीचे मुनवे, बुडातून फुटलेले कोंब, पाच काढले मुळांसकट. त्या झाडाखालची माती पोत्यात भरली, पाचोळ्यासकट. ओल्या गोणपाटात मुनवे गुंडाळले आणि एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, पोत्यात काय आहे?" मी म्हणाले, माती. "धुळ्याला माती मिळत नाही का?" मी त्याच्याकडे बघितलं तसा तो पुढे गेला.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "हाई काय शे?" म्हणाल्या. सांगितलं तर म्हणाल्या, "बठ्ठा गाव हासी राह्यना." गाव हसू दे, म्हटलं. मोरीजवळ खड्डे केले, ते पोतं ओतलं, मुनवे लावले. तुझी लाडकी त्या पोत्यातून आली, भाऊ. तापी तिने एस.टी.त बसून ओलांडली.

हे मी तुला भाऊबीजेला सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की मी त्या मातीसाठी पोतं घेऊन गेले होते. ते तुला कळू द्यायचं नव्हतं. तुझ्यापुढे रडायचं नव्हतं मला. एवढंच कारण. मला काय माहीत की तू त्यावर एवढं मांडशील? ही जात दोन्ही काठांवर आहे, म्हणजे ती नदीपेक्षाही जुनी, इकडचं रान गेलं तरी ती खोल मातीत तग धरून राहिली. तू ते सांगायला लागलास की तुझा फुललेला चेहरा मला बघवायचा नाही. दर वर्षी म्हणायचे, या वेळी सांगते. आणि दर वर्षी तुला लाडू वाढायचे.

रोहिणी मॅडमने त्या पानाचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. तुझं अक्षर. 'बाहेरची माती कधीही आणलेली नाही. बहिणीने स्वतः सांगितले. शंका घेण्याचे कारण नाही.' मॅडम म्हणते, "ताई, सगळ्यात मोठा पुरावा तुमचाच आहे. मी फक्त सही घेते तुमची." अजून एक सही.

आमचे हे म्हणतात, "गप्प बस. नदीच्या अलीकडे गोम आहे की पलीकडे, कोणाचं काय अडलंय? भाऊंचं नाव होतंय, होऊ दे." मी दोन दिवस त्यावर विचार केला. नाही पटत. उद्या कोणी शहाणा धुळ्याच्या माळावर उकरत बसेल, त्याला काही सापडणार नाही, आणि मग तो म्हणेल की जामनेरचा तो मास्तर खोटारडा होता. तीन वेळा मोजल्याशिवाय चिठ्ठी न लिहिणारा माणूस तू. तुला कोणी खोटारडा म्हणालेलं मी ऐकून घेणार नाही.

तेव्हा रविवारी मी मॅडमला सगळं सांगणार. मुनवे, पोतं, एस.टी., सगळं. तिला केळीखाली उकरायला लावणार, ती माझ्या देखत मोजेल. आणि लिहायला लावणार की ही जात केळीच्या मुळांच्या मातीतून माणसांबरोबर फिरते आणि नव्या जागी, पाणी मिळालं तर, अंडी घालून राहते. हेही खरंच आहे ना? हेही कोणी लिहिलं नसेल तर तुझ्याच नावाने लिहू दे. चूक माझ्या नावाने लिहा म्हणेन, मंगला, धुळे. वचन देते तुला. पण सही मी वाचून करणार, या वेळी.

हे तुला विचारून करत नाहीये. विचारायचं वेगळंच आहे.

त्या केळीचा घड उतरला की मी तुला जामनेरला पाठवायचे. आता सगळीकडे टिश्यू कल्चरची रोपं, आबांच्या वेळचं ते केळं कुठे मिळत नाही. वहिनी सांगते, तू पहिलं केळं हातात घेतलंस, साल बघितलीस, हुंगलंस, बराच वेळ खाल्लं नाहीस. मग म्हणालास, "गोड आहे." बस, एवढंच. ज्याचं बालपण त्या बागेत गेलं त्याला ते केळं ओळखू आलं नाही?

आणि 'शंका घेण्याचे कारण नाही' असं माणूस कधी लिहितो? शंका आली नसेल तर लिहितो का?

लिखाण सहा वर्षं तयार होतं, मॅडम म्हणते. ती दर वर्षी विचारायची, सर, पाठवायचं का? तू म्हणायचास, थोडं राहिलंय. काय राहिलं होतं? मला पुन्हा विचारायचं राहिलं होतं का? आणि मी पुन्हा तोच टोमणा मारेन म्हणून तू विचारलं नाहीस, स्वतःचा शोध पेटीत ठेवून दिलास, असं तर नाही ना?

तुला माहीत असेल तर मी रविवारी ताठ मानेने सांगेन, दोघांचं मिळून सांगेन. माहीत नसेल तर आधी तुझी माफी मागायला हवी, आणि ती मॅडमसमोर मागता येणार नाही. म्हणून मला आधी कळायला हवं. कावळ्याच्या हातून निरोप नको, मला त्यातलं काही समजत नाही. स्वप्नात ये, नाहीतर वहिनीच्या स्वप्नात जा, ती मला फोन करेल. पण हो की नाही, एका शब्दात. शनिवारी दिवेलागणीच्या आत.

तुझी बहीण,
मंगी