गवती चहाचा बर्फ

।। श्री रवळनाथ प्रसन्न ।।

कांदिवली (पूर्व),
१९ एप्रिल १९८६

चि. सौ. शेवंती हिस रत्नावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रुसली असशील तर रूस बापडी, मला इथे श्वास घ्यायला सवड नाही. आईचा विजेचा शेक चालू आहे, डॉक्टर रेडिएशन म्हणतात तो. गालातली गाठ थोडी बसली आहे म्हणतात, पण तोंडाची पार वाट लागली. आतून फोडच फोड. बोलणं बंद, सगळं खुणांनी. वास नाही, चव नाही. परवा माझ्या हातून पेजेत मीठ दुप्पट पडलं तरी तिला पत्ता नाही. एवढी वर्षं मिश्री लावू नको म्हणून तू कानीकपाळी ओरडलीस, ते आता बोलून काय उपयोग?

काल डॉक्टरने तुझ्या दादासमोर स्पष्टच सांगितलं. ऑपरेशन मेअखेर करायचं, पण बाईच्या अंगात ताकद आली तरच. अशीच उपाशी राहिली तर तो हात लावणार नाही, आणि ऑपरेशन नाही तर पुढचं त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तेव्हापासून तुझा दादा कारखान्यातून येतो नि भिंतीकडे बघत बसतो. मी काही विचारलं की खेकसतो.

पण ऐक, एक युक्ती सापडली आहे. हॉस्पिटलातल्या सिस्टरने बर्फ चघळायला सांगितला. साधा बर्फ आईने थुंकून टाकला. मग मला आठवलं, हिचा सकाळचा चहा गवती चहाशिवाय कधी झालाय? तू दिलेला ठोंब मी गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलाय, तो आता माझ्या कमरेएवढा झालाय. पाती उकळली, खडीसाखर घातली, गाळून डब्यात भरली नि शेजारच्या वनमालाच्या फ्रीजमध्ये ठेवली. तिथे शेजारी बांगडे! शिरा पडो त्या बांगड्यांवर, सगळ्या बर्फाला वास. आईला वास येत नाही म्हणून काय तिला बांगड्याचं सरबत पाजू? ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी घट्ट झाकणाचा डबा. बर्फ काढला नि विळीच्या खवणीवर नारळासारखा खवला. वनमाला हसून हसून वाकली. गोराईची ताडगोळेवाली खाली येते, तिच्याकडचे कोवळे ताडगोळे सोलून, बारीक चिरून घेतले, पिकल्या पपईच्या फोडी घातल्या आणि वर तो हिरवट भुगा. आईने वाटी संपवली गं! पुन्हा मागितली. तिला वास येत नाही, पण पात दिसली की डोळे हसतात. दोन्ही वेळा तेच देते, अधूनमधून थंड पेजही चार घोट जाते.

पोरांना पापे. लिहायचा कंटाळा करू नकोस, आणि माझ्यावर आहे तेवढी माया असू दे, कमी केलीस तर येऊन भांडेन.

तुझी,
रत्नावहिनी

।। श्री ।।

मु. पो. आमचं नेहमीचंच,
२५ एप्रिल १९८६

ती. सौ. वहिनीस शेवंतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले नि मग विळीवरच्या बर्फाने हसले. वहिनी, लालबागच्या चाळीत वाढलेल्या बाईने कोकणच्या बाईला बर्फ खवून घालावा, असला प्रकार आमच्या वाडीत कोणी ऐकला नव्हता. आमचे हे तर विहिरीवर सगळ्यांना सांगत सुटले आहेत.

पण गवती चहा उकळतेस कशाला गो? उकळला की कडवट होतो आणि कडवट झालं की फोडांना झोंबणार. पातीची गाठ मार, वर आधणाचं पाणी ओत नि झाकून ठेव. निवेपर्यंत झाकण काढू नको. आलं, पुदिना अजिबात नको. तुळशीची चार पानं चालतील.

मला यायचं होतं, पण धाकट्याला गोवर आलाय. आई तिथे आणि मी इथे, जीव अर्धा अर्धा झालाय. शेजारी तिचं घर बंद दिसतं, तिकडे बघवत नाही. आंबे मात्र आम्हीच उतरवले. दारच्या कलमाची एक पेटी वाडीतल्या काशीरामाबरोबर पाठवतेय. तुम्ही सगळे पोटभर खा.

आणखी एक. आपल्या चंदरचं काही कळलं का? दादासमोर विचारू नकोस, मला फक्त कळव. भिवंडीला मागावर आहे एवढं ऐकलं होतं, त्यालाही वर्ष झालं. गिरण्यांचा संप कधीच विझला, पण त्या दोघा भावांचं भांडण काही विझत नाही. चंदर संपात चोरून कामावर गेला हे चुकलंच, पण दादाने चाळीसमोर त्याच्या कानाखाली मारून उंबरठा बंद करायला नको होता. तेव्हाचा आईचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

आईच्या पायांवर माझं डोकं ठेव. तुमचा सगळ्यांचा जीव माझ्यावर आहेच, तो असाच राहो.

तुमची,
शेवंती

।। श्री ।।

कांदिवली,
३ मे १९८६

चि. सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र बोरिवलीहून सुटणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तार करणार होते, पण तारेत काय लिहू? घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

करायला गेले गणपती, झाला मारुती. तुझी पेटी आली. घरभर घमघमाट. तुझ्या पद्धतीने केलेला बर्फ एकदम झकास जमला होता, पिवळसर, जराही कडू नाही. परवा पपई संपली होती. म्हटलं, घरचा हापूस असताना पपई कशाला? पिकलेल्या दोन आंब्यांच्या मऊ फोडी केल्या, ताडगोळ्यात मिसळल्या नि वर बर्फ खवला. रंग तोच, आईला वाटलं पपईच. अशी खाल्ली तिने शेवंती, डोळे मिटून, चाटून. मी दाराआड उभी राहून बघत होते नि देवाला हात जोडत होते.

तेवढ्यात वनमाला आली आणि कौतुकाने म्हणाली की मावशी, हापूस कसा लागला? आईने वाटी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी हसून मान हलवली, मला काय ठाऊक! तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, गेलीच. उठून मोरीत गेली, घशात बोटं घातली नि सगळं काढलं. त्या फोडांतून रक्त आलं गं. मी पाठ चोळत होते तर मला हाताने ढकललं. मला! आजवर ज्या बाईने मला कधी मोठ्याने हाक मारली नाही, तिने.

तेव्हापासून ओठ शिवल्यासारखे. तुळशीचं पाणी तेवढं घेते. ताडगोळा नाही, बर्फ नाही, पेज नाही. देवाच्या तसबिरीसमोर बसते नि कान पकडते. तुझा दादा आधी ओरडला, मग पाया पडला, काही नाही. आज डॉक्टरने वजन केलं नि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच हिला उपाशी ठेवलंय.

तुला काही ठाऊक आहे का? असेल तर देवाशपथ लपवू नकोस. मी काय पाप केलं तेवढं सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
रत्नावहिनी

।। श्री रवळनाथ प्रसन्न ।।

५ मे १९८६

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

पाप तुझं नाही, माझं आहे. पेटी बांधताना मनात आलं होतं की वहिनीला एक ओळ लिहावी. आईने घातलेली शपथ आठवली नि मी पेन खाली ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं झालं. पेटी मीच पाठवली.

चंदर गेला त्या वर्षी आई मला घेऊन देवळात गेली. गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं की माझा चंदर घरचा उंबरठा चढेपर्यंत आंबा तोंडात घालणार नाही. वाट मोकळी कर म्हाराजा. आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. बाहेर आल्यावर माझ्याकडून शपथ घेतली की जयवंतदादाला कळता कामा नये. कळलं तर तो स्वतःला खात बसेल, आणि एक पोर गेलं तेवढं पुरे. तेव्हापासून दरसाल ती कलम उतरवायची, पेंढ्यात आंबे लावायची, वाडीभर वाटायची नि हात धुऊन मोकळी व्हायची. तुम्ही मेअखेर यायचात, तोवर आंबा संपत आलेला, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. आता तिला वाटत असणार की तिने नवस मोडला, त्याचं चंदरला काहीतरी होणार. म्हणून ही शिक्षा स्वतःला.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं, आज उजाडताच देवळात गेले. गुरवाने कौल लावला. ओल्या कळ्या देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारलं, म्हातारीने नकळत खाल्लं, चव नाही कळली, वास नाही कळला, माफ करशील का? डावी पडली. गुरव म्हणाला, देव रिकाम्या हाताने सोडत नाही, दुसरं काही बोल. मग मी बोलले. आईचा नवस मी घेते. चंदर येईपर्यंत आंबा माझा बंद. बोलून होतंय तोच उजवी कळी टपकन खाली.

काशीराम परत मुंबईला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. आईला सांग, देवाने मोकळं केलं. माझं नाव सांगू नकोस. दादाला तर मुळीच काही कळू देऊ नकोस. आता उठून बर्फ लाव नि तिला खायला घाल.

मला शिव्या दे, पण पत्र तोडू नकोस.

तुमची,
शेवंती

।। श्री ।।

कांदिवली,
२० मे १९८६

चि. सौ. शेवंतीस वहिनीचे पोटातून आशीर्वाद.

पत्र तोडायला मी काय तुझी वैरीण आहे? शिव्या मात्र देणार, भेटलीस की तोंडावर देणार. पण आधी सगळं सांगते.

काशीराम आला तेव्हा तुझा दादा घरात नाही असं समजून मी पत्र आईला वाचून दाखवायला बसले. तिला हल्ली ऐकूही कमी येतं, म्हणून मोठ्याने. पहिलं पान वाचलं आणि तुझ्या नावाशी अडखळले. म्हटलं की देवाने मोकळं केलं, आता खा. आईने माझ्या हातावर हात ठेवला नि बोट वर करून विचारलं, नवस उचलला कोणी? त्या बाईला कोण फसवणार? देव फुकट सोडत नाही हे तिला तुझ्या गुरवापेक्षा जास्त ठाऊक. मी पत्राची घडी घालायला लागले तर तिने हनुवटीखाली दोन बोटं लावली, तू लहानपणी हनुवटीवर पडून खोक पाडून घेतली होतीस ना, ती खूण. मी मान हलवली. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता तर संपलंच, लेकीने आपला नवस उचलला म्हणून ही आणखी उपाशी राहणार.

तर काय सांगू! तिने डोळे पुसले नि वाटीची खूण केली. मी धावत वनमालाकडे. बर्फ खवताना विळीवर बोट कापलं, कळलंसुद्धा नाही. ताडगोळे घातले, पपई घातली. ती खात होती आणि एकेक घास गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, दुखतंय गं तिला, पण थांबली नाही. मग खुणांनी जे सांगितलं ते मला नीट कळायला वेळ लागला. चंदर यायच्या आत मी गेले तर तो कोणासाठी घरी येणार, आणि माझ्या शेवंतीचा आंबा जन्माचा अडकला. म्हणून मला राहायला हवं. तेव्हापासून वाटी चार वेळा होते, वर पेज, वर अंडं फेटून. काल डॉक्टरने वजन बघून मान डोलावली. येत्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. भीती आहेच, वय आहे, काहीही होऊ शकतं असं त्याने सांगितलं. मी तुला खोटा धीर देणार नाही.

आता दुसरं. तुझा दादा मोरीत हातपाय धूत होता. सगळं ऐकलं. बाहेर आला, पत्र उचलून शेवटपर्यंत वाचलं, जेवला नाही. सकाळी न सांगता भिवंडीला गेला. तो मागाचा कारखाना कुठे आहे हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, बघ! एवढी वर्षं माझ्याशी बोलला नाही. पण चंदर तिथे नाही. होळीच्या सुमारास इचलकरंजीकडे गेला म्हणतात. खोलीवरच्या मुलांजवळ निरोप ठेवलाय. रविवारी रात्रभर प्रवास करून इचलकरंजीला जाऊन आला, तिथेही चार कारखाने फिरला, पत्ता नाही. पुन्हा जाणार म्हणतो.

पेटीतले उरलेले आंबे वनमालाच्या पोरांनी खाल्ले. आमच्या घरात कोणाच्या घशाखाली उतरेना. फक्त एक आईने मागून घेतला. मला वाटलं खाते. तिने स्वतः बसून त्याच्या फोडी केल्या, माझ्याकडून डब्यात भरून घेतल्या, वर गवती चहाचं पाणी ओतायला लावलं नि झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावलं. तो डबा वनमालाच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात मागच्या बाजूला आहे. ज्या दिवशी चंदर येईल त्या दिवशी हंगाम असो नसो, तुझ्यासाठी. वनमालाला बजावलंय की बांगडे ठेव नाहीतर काहीही ठेव, त्या डब्याला हात लावायचा नाही.

धाकट्याचा गोवर उतरला की ये. आईच्या उशाशी तू हवीस. इथे सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, तुझा आमच्यात असू दे.

तुझी,
रत्नावहिनी

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

चि. शेवंतीस आशीर्वाद. वहिनीने जागा ठेवली नाही म्हणून थोडक्यात. उद्या उठून गुरवाकडे जा आणि गाऱ्हाणं घाल की हा नवस जयवंताचा. चंदर सापडेपर्यंत आंबा मी सोडला. कौल उजवा पडला तर बरं. डावा पडला तरी तू घरी येऊन आंबा खा. देवाला सांग, चंदरला हाकललं मी, शेवंतीने नाही. जे मागायचं ते माझ्याकडे माग.

जयवंत