आठवी ‘ब’चा तपास

ता. ४ जुलै

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरातल्या डब्यांची तपासणी करता आणि कुठलं झाकण नीट बसत नाही याचा अहवाल देता, हे मामींनी पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कळवलंय. जन्मभर कारखाने तपासलेल्या माणसाला घरी बसवणं सोपं नाही, एवढंच म्हणते.

आता माझं. यंदा माझ्याकडे आठवी ‘ब’ आली आहे. पुस्तकात बालमजुरीवर दीड पान आहे. मी ते वाचून दाखवलं, मुलांनी अधोरेखित केलं आणि मी पान उलटणार तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्गात तिला सगळे ‘सावकाश’ म्हणतात, कारण ती दप्तरसुद्धा असं उघडते की जणू आत कुणी झोपलंय. तिने विचारलं, की मग शाळेमागच्या नळावर रोज दुपारी हात घासणारी मुलगी कोण?

पाहिलं सगळ्यांनीच होतं. टायरच्या दुकानावरच्या माडीवरून ती पोर उतरते, रॉकेलच्या बोळ्याने बोटं पुसते, मग नळाखाली हात धरते आणि पुन्हा वर जाते. असेल दहा-अकरा वर्षांची. माडीवरून बूट चिकटवायच्या सोल्यूशनचा वास येत असतो.

मुलांना उद्याच मोर्चा काढायचाय. वर्गप्रमुखाला सगळे ‘पुढारी’ म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. त्याच्या घोषणाही तयार आहेत. मला त्यांचा उत्साह मोडायचा नाही आणि कुणाच्या जिवाशी खेळही करायचा नाही. यांना कसं शिकवू, ते सांगा.

रागावलात तरी चालेल, फक्त लवकर रागवा.

तुमची भाची


ता. १० जुलै

चि. गडबडीस,
अनेक आशीर्वाद.

डब्यांचा विषय बंद. तुझ्या मामीने कोपऱ्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नव्हतं.

मोर्चा नको. मोर्चा जिन्याशी पोचेपर्यंत मुलं मागच्या दाराने पसार झालेली असतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच माडीवर कामाला लागलेली असतात. असे रिकामे कारखाने मी पुष्कळ पाहिले. शेगडी गरम, जेवणाचे डबे अर्धे उघडे, आणि आत चिटपाखरू नाही.

आधी पोरांना पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं यांतला फरक शिकव. मुलगी हात पुसते, हे पाहिलेलं. तिला मारतात, हे ऐकलेलं. मालक राक्षस आहे, हे वाटलेलं. साहेबांपुढे पहिलंच टिकतं. रस्त्यावरून जाता-येता दिसेल तेवढंच बघायचं. जिना चढायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, एकट्याने रेंगाळायचं नाही. आणि त्या मुलीला प्रश्न विचारून भंडावायचं नाही. तिच्यावर मालकाचा संशय गेला तर सोसायचं तिलाच आहे. मुख्याध्यापिकाबाईंना आणि पालकांना विश्वासात घे. तक्रारीवर सही तुझी हवी, मुलांची नको.

त्या सावकाशला माझा सलाम सांग. असा डोळा शिकवून येत नाही.

मामीचे आशीर्वाद. ती शेजारी बसून हे पत्र तपासते आहे.

तुझा मामा


ता. १ ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचा सलाम पोचवला. सावकाश लाजली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मुलं जोडीजोडीने घरी जाताना बघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगतात. पुढारी पहिल्या दिवशी म्हणाला, की मालक क्रूर आहे. सगळ्यांनी त्याला घेरलं, की तू पाहिलंस काय? शेवटी कळलं की त्याने मालकाच्या फक्त चपला पाहिल्या होत्या. त्या दिवसापासून वर्गात कुणी थाप मारली की सगळे चपला, चपला म्हणून ओरडतात.

पण मामा, काय काम केलंय पोरांनी! माडीला मागून एक लोखंडी जिना आहे आणि तो रद्दीच्या गोदामात उतरतो, हे त्यांनी शोधलं. गल्लीचा नकाशा इतका नेटका काढला की चित्रकलेचे सर तो मागून घेऊन गेले. वर रबराचे तक्ते जातात, खाली पोती येतात. एक दिवस एक पोतं उसवलं आणि त्यातून पांढरे कापडी बूट रस्त्यावर पडले. आमच्या शाळेच्या खेळाच्या तासाचे बूट! ते ऐकताच अख्ख्या वर्गाने आपापल्या पायांकडे पाहिलं.

आता पोती कुठे जातात, एवढंच राहिलं होतं. काल सावकाश उठली आणि म्हणाली, की हातगाडी आमच्या दुकानाशी थांबते. तिचे वडील बूटवाले. सगळी शाळा त्यांच्याकडूनच बूट घेते. तिला हे आधीच दिसलं होतं, पण चूक नको म्हणून ती पुन्हा बघायला थांबली होती.

मग पुढारीच म्हणाला, की तक्रार माडीची आहे, दुकानाचं नाव वगळू. एरवी घसा फोडणारा तो मुलगा इतक्या हळू बोलला की मला भरून आलं. सावकाश म्हणाली, की वगळलं तर ते अर्धंच पाहिलेलं होईल.

घरी काही बोलू नकोस, असं मी तिला सांगितलंय. ती फक्त बघते म्हणाली. माझा जीव थाऱ्यावर नाही. काय करू?

तुमची भाची


ता. ६ ऑगस्ट

चि. गडबडीस,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. एवढ्याशा मुलीच्या खांद्यावर एवढं ओझं देऊ नको. तिच्या वडिलांना तू आणि बाई मिळून सांगा. मुलीने सांगितलं तर तो बापलेकीचा प्रश्न होईल. तुम्ही सांगितलंत तर कामाचा राहील. तक्रार दोन दिवस थांबली तरी चालेल. पत्र मिळताच निघ.

मामी म्हणते, तू जेवत जा.

तुझा मामा


ता. २४ ऑगस्ट

तीर्थरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. मी तुम्हाला लिहिलं त्याच रात्री सावकाशने जेवताना वडिलांना विचारलं होतं, की बूट कोण चिकटवतं ते तुम्हाला माहीत आहे का. ते म्हणाले, कारागीर. ती म्हणाली, त्यांच्यातली एक माझ्या खांद्याला लागते. त्यांनी ताट सरकवलं आणि तिची शाळा बंद केली.

मागच्या बाकावरची तिची जागा तीन दिवस रिकामी होती. चौथ्या दिवशी बूटवाले शाळेत आले आणि त्यांनी मला फैलावर घेतलं, की तुम्ही लेकराला बापावर सोडलंत. मी काही बोलणार तोच मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, की आम्ही तिला दिसेल ते सांगायला शिकवलं. ती खोटं सांगत असेल, तर तुम्ही वर जाऊन बघा आणि मला सांगा, मी भर प्रार्थनेत माफी मागेन. ते तणतणत निघून गेले.

पण गेले ते थेट माडीवर. इतकी वर्षं त्यांनी पोती खालीच मोजून घेतली होती. वर खिडकीला फळ्या ठोकलेल्या, दिवसा दिवा, आणि जमिनीवर सोल्यूशनच्या डब्यांच्या मध्ये बसलेली पाच मुलं. ती नळावरची मुलगी त्यांना बघून उठली आणि त्यांच्यासाठी जागा पुसू लागली. हे सगळं त्यांनीच मागाहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीला स्वतः वर्गात सोडायला आले, आणि साक्ष द्यायला तयार आहे म्हणाले. स्वतःच्या दुकानाचं नाव त्यांनी स्वतःच सांगितलं. मला त्या माणसाचा राग धरून ठेवता येईना.

पुढचं तुम्हाला आवडेल. अधिकारी गाजावाजा न करता आले. माझ्या सहीच्या तक्रारीला जोडलेला मुलांचा नकाशा त्यांच्या हातात होता, म्हणून दोन बाई अधिकारी आधीच रद्दीच्या गोदामात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची बाकीची माणसं पुढून चढली, मालकाने मुलांना मागच्या जिन्याने उतरवलं, आणि ती सरळ त्या दोघींच्या कुशीत आली. पाचही.

आमचा वर्ग तेव्हा गणिताच्या तासाला बसला होता. मी दारात जाऊन नुसती मान डोलावली. मोर्चा काढायला निघालेली मुलं ती, पण एकानेही टाळी वाजवली नाही. पुढारी तर बाकावर डोकं टेकून रडत होता.

तुमची भाची


ता. ३० ऑगस्ट

चि. भाचीबाईंस,
आज गडबड म्हणवत नाही. अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. मागच्या जिन्याशी आलो आणि चष्मा पुसावा लागला, पुढचं तिने वाचलं. माझ्या सगळ्या नोकरीत मागचं दार धरायला मला माणूस मिळत नसे. तुझ्या आठवीने ते धरलं. त्या पोरीचं तर काय सांगू! आणि तिच्या बापाचंही. आपल्या नावावर आपणच बोट ठेवायला छाती लागते.

पण आता थांबू नका. मुलं सुटली, ती खाणार काय, राहणार कुठे, हे विचारा. माडी बंद झाल्यावर लोक घरी जातात. खरं काम तिथून पुढे असतं.

मामीने तुझ्यासाठी स्वेटर घातलाय विणायला. बाही लांब होते आहे असं मी नोंदवलं, तर माझ्याशी बोलणं बंद आहे.

तुझा मामा


ता. १२ ऑक्टोबर

तीर्थरूप मामा आणि मामींस,
सा. न. वि. वि.

स्वेटर अंगाला छान बसला. बाही लांब आहे, पण मी मामींच्या बाजूने आहे.

पाचांपैकी तिघं आपापल्या आईवडिलांकडे गेली. एकाचं कुणी सापडत नाही, तो बालगृहात आहे. पुढारी आणि त्याचे वडील दर रविवारी त्याला भेटायला जातात. नळावरच्या मुलीची आई इथलीच. ती शाळेत आली ती भांडायलाच. म्हणाली, की तुम्ही धडा शिकवलात आणि माझी चूल विझली, आता मी काय करू? मी वर्गातच होते, मुलांनी सगळं ऐकलं. कुणी तिच्यावर चिडलं नाही. सावकाशने फक्त विचारलं, की तुम्हाला शिवता येतं का? तिला बूट शिवता येत होते. माडीवर मोठ्या माणसाला पूर्ण मजुरी द्यावी लागते, म्हणून मालकाने तिला नको म्हटलं होतं आणि लेकीला ठेवून घेतलं होतं. ती आता बूटवाल्यांच्या दुकानात शिवते, पूर्ण मजुरीवर. बूट महागले आणि पालक कुरकुरले, तेव्हा आठवी ‘ब’ने पालकसभेत उभं राहून कारण सांगितलं. तेही फक्त पाहिलेलं.

ती मुलगी आता आमच्या शाळेत येते. दिवसभर लहान वर्गात बसते, आणि शेवटच्या तासाला आमच्याकडे. माझी मुलं तिला वाचायला शिकवतात. काल सावकाशच्या शेजारी बसून ती अक्षरावर बोट ठेवत होती, आणि ठेवता ठेवता तिची मान बाकावर कलंडली. गाढ झोपली.

पुढारी कुणावर तरी ओरडत होता, तो मधेच थांबला. खडूचा आवाज होईल म्हणून फळ्यावर लिहिणाऱ्याने हात खाली घेतला. पुढचा धडा मी कुजबुजत्या आवाजात शिकवला, आणि माझी ती वांड, बोलघेवडी आठवी ‘ब’ श्वास रोखून ऐकत राहिली. शेवटी सावकाश उठली, शिपायाकडे गेली, आणि आज घंटा जरा उशिरा द्याल का, असं विचारून आली.

शिपायाने उशिराच दिली.

तुमची माया अशीच राहू द्या,
तुमची भाची