द्राक्षाची कात्री

५ ऑक्टोबर, रविवार

गुलाबाच्या वेलाची फांदी आज खिडकीतून थेट आत! रतनच्या गोधडीत काटे अडकले. ती नुसती बघत राहिली. मी हातानंच मोडली. बोटातून रक्त आलं, पण दुखलं नाही. हल्ली काहीच दुखत नाही.

दरवर्षी दसरा झाला की ती स्वतः हा वेल छाटायची. मी नवरा, तरी जवळ गेलो की — 'अवो, तुमची द्राक्षाची कात्री लांब ठिवा. ह्यातलं तुमाला कळत न्हाई.' जन्म गेला माझा द्राक्षबागेत, आणि मला छाटणी कळत नाही! लई राग यायचा.

आषाढात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून वेल मोकाट सुटलाय.

६ ऑक्टोबर

हनुमंतचा चाकणहून फोन. 'आण्णा, दिवाळीला गाडी आणतो. आईला इकडंच नेतो. तुमी दिवसभर बागेत, ती एकटी. काय झालं तर हाक तरी मारता येती का तिला?'

पोरगं खोटं बोलत नाही. बरं म्हणालो.

८ ऑक्टोबर

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, वस्तू दाखवा, नाव घ्या, बोलत राहा. वाटी दाखवली. 'वाटी' म्हणालो. रतन भिंतीकडं बघत होती. मग मीही भिंतीकडं बघत बसलो.

९ ऑक्टोबर

बागेची छाटणी उरकली. मजुरांच्या टोळीनं काम चोख केलं म्हणे. मी बांधावर उभा होतो. बाग दुसऱ्याच कुणाची असावी तसा.

शेजारची लंकाबाई रतनला अंघोळ घालायला येते. जाताना म्हणाली, 'भाऊ, वहिनीचं समदं ध्यान त्या गुलाबाकडं. लई माजलाय. कापा तरी, न्हाईतर साप शिरंल घरात.'

बघू.

१० ऑक्टोबर

काही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज कात्री घेतली. रतनची खाट खिडकीशी ओढली, उशी देऊन तिला टेकवून बसवलं. आधी वाळकं काढलं. आत बुलबुलाचं रिकामं घरटं निघालं. दोन्ही मनगटं ओरबाडली.

मग राहिल्या लांब हिरव्या फांद्या. रतन त्या तारेवर आडव्या निजवून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधायची. तिच्या गाठी अजून तारेला आहेत. ते कशासाठी, मी कधी विचारलं नाही. द्राक्षाचा हिशोब सरळ — फुटव्याचे चार डोळे ठेवायचे, बाकी काडी कापून खाली. तसंच केलं. सगळ्यात लांब फांदी चार डोळ्यांवर आणली.

आतून 'उं... उं...' असा आवाज. लघवीला लागली असेल म्हणून भांडं घेऊन धावलो. तिनं डाव्या हातानं भांडं ढकललं. मला काही कळेना.

१३ ऑक्टोबर

हनुमंतचा फोन. खोली रिकामी केली, खाट आणली. हे घर तिच्याशिवाय कसं असेल? विचार केला, पण आत काही हललं नाही. मी दगड झालोय की काय!

बागेतली लाल पेस्ट उरली होती. द्राक्षाचे डोळे फुटायला लावतो ती. हातमोजे घालून गुलाबाच्या चार डोळ्यांना लावली. खिडकीतून रतन बघत होती. डोळे वटारून! आजारपणात हे डोळे पहिल्यांदाच दिसले.

१४ ऑक्टोबर

सकाळी दुसऱ्या लांब फांदीला कात्री लावली, तोच आतून —

'येड्या!'

जीभ जड, पण शब्द स्वच्छ. लग्नापासून 'अवो'शिवाय हाक नाही, आणि आज हे! पार बांधापर्यंत ऐकू गेलं असेल. मी तिथंच खाली बसलो, ढसाढसा रडलो. ओरबाडलेली मनगटं झोंबायला लागली.

मग उठलो, फांदी कापायची नव्हतीच, पण खिडकीकडं बघत बघत पुन्हा त्याच फांदीला कात्री लावली, आतून परत 'येड्या' येतंय का ऐकत.